शत्रूच्या गोटातील जिवलग

शत्रूच्या गोटातील माणसावर जीव जडणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. देव आणि असुर यांचे युद्ध ऐन भरात असताना देवांनी बृहस्पतीच्या मुलाला, कचाला, असुरांचे गुरू शुक्राचार्य यांच्या आश्रमात धाडले. विद्यार्जनासाठी धाडले असे आपण म्हणतो. सरळ भाषेत सांगावयाचे तर ती हेरगिरी होती. मेलेल्याला उठविणारी संजीवनी विद्या शुक्राचार्यांपाशी होती, बृहस्पतीपाशी नव्हती. रणात पडलेला असुर पुन्हा उठून लढावयास येई आणि पडलेला देव मात्र पडलेलाच राही. एका विद्येने युद्धाचे पारडे झुकले होते. ती विद्या आणावयास गेलेला तरुण आणि ज्याच्यापाशी ती विद्या होती त्याची मुलगी, अशा दोघांची ही कथा. असुरांनी कचाला तीनदा मारले. तिसऱ्या खेपेस तर जाळून त्याची राख मद्यातून खुद्द शुक्राचार्यांनाच पाजली. तिन्ही वेळा देवयानीने बापापाशी हट्ट धरून त्याला परत आणविले. विद्या हाती आल्यावर कच निघाला तेव्हा तिने लग्नाची गोष्ट काढली. त्यावर त्याने उत्तर दिले की, तुझ्या पित्याच्या उदरातून माझा पुनर्जन्म झाला, तेव्हा तू माझी बहीण. तिने त्याला शाप दिला, त्याने तिला उलट शाप दिला, आणि दोघे आपापल्या वाटेने गेले.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९१३ साली या कथेवर ‘विद्याहरण’ रचले आणि बालगंधर्वांनी त्यातील देवयानी रंगभूमीवर उभी केली. आपल्याकडील जुन्या घरांतून कच-देवयानीची ओळख पोथीइतकीच या नाटकानेही करून दिली आहे. माझ्या आजीचा निकाल या बाबतीत कायम ठरलेला असे. ती देवयानीच्या बाजूची. “तीन वेळा जीव दिला, आणि हा शास्त्र सांगतो!” एवढेच ती म्हणे. आजोबा कचाचा पक्ष घेत. ज्या कामाला धाडले ते काम त्याने केले, स्वपक्षाशी बेइमानी केली नाही, यात चुकले काय, असा त्यांचा सवाल असे. या वादाचा निकाल आमच्या घरात कधी लागला नाही, आणि तो लागण्यासारखाही नाही. कारण त्याच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो मोठा अवघड आहे: स्वपक्षाशी दगा न करता शत्रूपक्षातील माणसावर प्रेम करता येते काय?

या जुन्या प्रश्नाचा सर्वांत कसून विचार गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कोणी केला असे विचाराल, तर माझे उत्तर काहींना विचित्र वाटेल. तो विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी केला आहे. परग्रह, अंतराळयाने, किरणांची शस्त्रे हे शब्द दिसले की आपल्यातील पोक्त वाचक पुस्तक मिटून नातवाच्या हाती देतो. त्यातील पुष्कळसा माल त्याच लायकीचा असतो हेही खरे. पण सरसकट तसे केले तर काही चांगले हातचे जाईल, म्हणून हा लेख.

आरंभ पोरकटच होता. एडगर राइस बरोज या अमेरिकन लेखकाने १९१२ साली एका मासिकातून मंगळावरची एक कथा क्रमशः लिहिली. पुढे १९१७ साली ती ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’ या नावाने पुस्तकरूपाने निघाली. तिचा नायक जॉन कार्टर हा अमेरिकेच्या यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेकडील पक्षाचा कप्तान. तो मंगळावर जाऊन पडतो आणि तेथील हिरव्या, चार हातांच्या लढवय्यांच्या टोळीत अर्धा कैदी, अर्धा सरदार बनून राहतो. त्याच टोळीच्या कैदेत हीलियम नगरीची राजकन्या देजा थोरिस येऊन पडते. म्हणजे नायक पकडणाऱ्यांत मोडतो आणि नायिका पकडलेल्यांत. प्रश्न उभा राहण्यास एवढे पुरेसे होते. पण बरोजसाहेबांना प्रश्नाची घाई नव्हती, तलवारीची होती. कार्टर लढतो, जिंकतो आणि राजकन्या त्याची होते. पक्ष कोणता, निष्ठा कोणाशी, याचा घोळ पराक्रमाच्या धुळीत दिसेनासा होतो.

दहा-अकरा वर्षांनी रशियात अलेक्सी टॉलस्टॉय यांनी (‘युद्ध आणि शांती’ लिहिणारे लिओ टॉलस्टॉय निराळे) ‘आएलिता’ ही कादंबरी लिहिली. ती १९२३ साली पुस्तकरूपाने आली आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर एक मूकपटही निघाला. पृथ्वीवरचा अभियंता लोस आणि सैनिक गुसेव हे दोघे मंगळावर जातात. तेथील सत्ताधीश तुस्कूब याची मुलगी आएलिता हिचे लोसवर मन बसते, आणि इकडे गुसेव तुस्कूबविरुद्ध कष्टकऱ्यांचे बंड उभारतो. बाप एका बाजूला आणि प्रियकराचा सोबती दुसऱ्या बाजूला! बंड मोडले जाते. लोस जीव वाचवून पृथ्वीवर परततो आणि अखेरीस दूर आकाशातून बिनतारी यंत्रावर त्याला तिची हाक ऐकू येते. येथे प्रश्न तलवारीने सुटत नाही. तो तसाच अधांतरी राहतो. बरोजच्या कथेहून ही पायरी वरची आहे.

आता कोणी विचारील की, शत्रूशी प्रेम दाखवावयाचे तर त्यासाठी मंगळापर्यंत जाण्याचे काय कारण? पृथ्वीवर युद्धे कमी झाली काय?

याचे उत्तर आपल्याला आपल्याच घरात सापडेल. १४ जानेवारी १७६१ हा दिवस ग्वाल्हेर-इंदूरकडच्या मराठी कुळांना निराळा सांगावा लागत नाही. ज्यांचा कोणी ना कोणी पूर्वज पानिपतावर पडला, किंवा पडला अशी ज्यांच्या घरात समजूत आहे, अशी कुळे आपल्यात थोडी नाहीत. आपल्या भाषेत ‘विश्वास गेला पानिपतच्या लढाईत’ ही म्हण आहे. विश्वासरावाच्या नावावरचा तो श्लेष आपण हसत हसत वापरतो, पण त्या हसण्याखाली अडीचशे वर्षांपूर्वीचा घाव आहे. आता एखाद्या कादंबरीकाराने असे लिहिले की, पानिपतानंतर आठव्या दिवशी अब्दालीच्या एका शिलेदाराचे आणि एका मराठी स्त्रीचे प्रेम जमले, तर काय होईल? आपल्यातील निम्मे लोक पाचव्या पानापूर्वीच पुस्तक फेकून देतील, आणि उरलेले निम्मे लेखकाच्या धाडसाची तारीफ करतील. कथा नीट वाचणारा कोणीही उरणार नाही, कारण वाचावयास बसण्यापूर्वीच आपला पक्ष ठरलेला आहे. त्या लढाईत इब्राहिमखान गारदी आपल्या बाजूने लढून मेला आणि जखमी महादजींना राणेखान नावाच्या एका भिश्त्याने वाचविले, हे आपल्याला ठाऊक असते. तरीही कथा वाचताना मन आपल्या जागेवरून हलत नाही.

विज्ञानकथा करते ते एवढेच की, ती वाचकाचा पक्ष काढून घेते. बरायार आणि बीटा या दोन ग्रहांत युद्ध पेटले असे वाचले की माझे आजोबा कोणत्या बाजूने पडले, हा प्रश्नच उरत नाही. तराजू रिकामा असतो. त्यात लेखक जे घालील ते मी प्रथमच मोजून पाहतो. हे काम आपल्या पुराणांनी पूर्वी केले. देव आणि असुर यांपैकी माझ्या गावचे कोणीच नाहीत, म्हणून तर आजी असुरगुरूच्या मुलीची बाजू बिनदिक्कत घेऊ शकत होती.

बरायार आणि बीटा ही नावे मी उगाच घेतली नाहीत. या प्रकारातील मला सर्वांत मोलाची वाटलेली कादंबरी त्या दोन ग्रहांची आहे. अमेरिकन लेखिका लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांची ‘शार्ड्‌स ऑफ ऑनर’ ही पहिली प्रसिद्ध कादंबरी १९८६ साली निघाली. नाव मराठीत आणावयाचे तर ‘इभ्रतीच्या ठिकऱ्या’ असे काहीसे होईल.

बीटा ही सुधारलेली वसाहत. तेथे लोकशाही आहे, शास्त्रे पुढे गेलेली आहेत, युद्धाची कोणाला हौस नाही. बरायार कित्येक पिढ्या बाकीच्या जगापासून तुटून पडलेला होता. तेथे सम्राट आहे, सरदार घराणी आहेत, घोडे आहेत, तलवारी आहेत, आणि दिलेल्या शब्दापायी मरणारी माणसे आहेत. वाचताना मला आपल्याकडील जुन्या दरबारांची आठवण झाली. बीटाची कप्तान कॉर्डेलिया नेस्मिथ एका निर्जन ग्रहाची पाहणी करावयास आली असता तिच्या तळावर बरायारी सैनिकांचा छापा पडतो. एक अधिकारी ठार होतो. डुबॉअर नावाच्या तरुण अधिकाऱ्यावर एका शस्त्राचा असा मारा होतो की शरीर जिवंत राहते पण बुद्धी जळून जाते. कॉर्डेलिया आपले जहाज सुखरूप घालवून देते आणि स्वतः मागे राहते. तेथे तिची गाठ अराल व्होर्कोसिगन या बरायारी कप्तानाशी पडते. त्याच्याच हाताखालच्या लोकांनी फितुरी करून त्याला मागे टाकलेले असते. त्याचे नाव तिने ऐकलेले असते ते ‘कोमारचा खाटीक’ म्हणून. कोमार ग्रह जिंकताना शरण आलेल्या लोकांची तेथे कत्तल झाली होती.

आता दोघांपुढे अन्नाच्या साठ्यापर्यंत कित्येक दिवसांची पायपीट आहे. शिधा म्हणजे ओटची लापशी आणि सॅलडवर घालावयाचे चीज, दोन्ही वेळा तेच. बरोबर तो तरुण डुबॉअर, ज्याला स्वतःच्या हाताने घासही घेता येत नाही. अराल सरळ मनाने सुचवितो की याला असा जगविण्यापेक्षा सुखाने मरू द्यावे; त्याच्या देशाच्या रीतीप्रमाणे ती दया आहे. कॉर्डेलिया साफ नाकारते. तेव्हा तो वाद घालीत नाही. त्या शत्रूच्या पोराला सांभाळत नेण्याच्या कामात तो मुकाट्याने वाटेकरी होतो. मला या कादंबरीतील प्रेमाचा खरा आरंभ येथे दिसतो. चंद्र नाही, चांदणे नाही. दोघांच्या मध्ये एक अर्धमेला पोरगा आहे आणि त्याच्या बाबतीत कोण कसा वागतो एवढ्यावरून दोघांना एकमेकांची पारख होते. वाटेत तिला हेही कळते की कोमारच्या लोकांना अरालने अभयवचन दिले होते, ते मोडून कत्तल करविणारा अधिकारी दुसराच होता, आणि अरालने त्याला स्वतःच्या हातांनी मारले. पण नाव मात्र त्यालाच चिकटले.

पुढे तो तिला लग्नाची मागणी घालतो. ती त्या वेळी त्याची कैदी आहे. ती हो म्हणत नाही. लेखिकेने ही जी दक्षता घेतली आहे तिला फार महत्त्व आहे. ज्याच्या हाती किल्ली आहे त्याने कोठडीतल्या माणसाला विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराला किंमत नसते. कॉर्डेलियाचे लोक तिला सोडवावयास येतात. ती जाता जाता अरालच्या जहाजावरील बंड मोडण्याला हात लावते आणि आपल्या घरी परतते. तिने स्वपक्ष सोडलेला नाही.

मग खरे युद्ध सुरू होते. बरायार एस्कोबार नावाच्या ग्रहावर चाल करून जातो, बीटा एस्कोबारच्या मदतीला उभा राहतो. कॉर्डेलिया पुन्हा आघाडीवर आहे आणि पुन्हा पकडली जाते. या वेळी ज्या सेनापतीच्या हाती ती सापडते तो विकृत माणूस आहे. त्याला त्याचाच एक सैनिक ठार करतो, आणि अराल तिला स्वतःच्या खोलीत लपवितो. त्या लपून राहण्याच्या दिवसांत तिला एक भयंकर गोष्ट उमगते. म्हाताऱ्या सम्राटाला ठाऊक आहे की आपला युवराज राज्यावर आला तर प्रजेचे हाल कुत्रा खाणार नाही. म्हणून त्याने हे सारे युद्ध हरण्यासाठीच रचले आहे. पराभवात युवराज मरावा आणि त्याच्याबरोबर युद्धखोर पक्षही बुडावा. यात हजारो सैनिकांचा बळी जातो. अरालला हा बेत माहीत होता आणि तो त्यात सामील होता. ज्याच्यावर तिने जीव लावला तो निष्पाप नाही, हे लेखिका लपवीत नाही.

युद्ध संपते, कैद्यांची अदलाबदल होते, कॉर्डेलिया घरी येते. आपल्याकडच्या कथा बहुधा येथे थांबतात. या कथेचा सर्वांत अवघड भाग येथून पुढे सुरू होतो. बीटाचे लोक तिला वीरांगना ठरवितात. त्या दुष्ट सेनापतीला हिनेच मारले असे त्यांनी आपसांत ठरवून टाकले आहे. ती म्हणते, मी मारले नाही, आणि मला त्यांनी छळलेही नाही. कोणी ऐकत नाही. तिला झोप लागत नाही, ती बोलताना अडखळते, शत्रूच्या एका माणसाविषयी ती आपुलकीने बोलते. तेव्हा डॉक्टर निदान करतात की शत्रूने हिच्या मनात काहीतरी पेरून ठेवले आहे. तिच्या प्रेमाला तिची माणसे रोग ठरवितात, आणि तो काढून टाकण्यासाठी औषधोपचाराची तयारी करतात. त्या औषधाच्या अमलाखाली ती सारे बोलून जाईल, सम्राटाचे ते रहस्यही. ते फुटले तर बरायारमध्ये यादवी माजेल आणि आणखी हजारो मरतील. तेव्हा ती डॉक्टरीणबाईला धक्काबुक्की करून निसटते आणि शत्रूच्या देशात निघून जाते.

हे मी प्रथम वाचले तेव्हा बराच वेळ पुस्तक तसेच हाती धरून बसलो होतो. शत्रूच्या कैदेत तिचे जे मन अभंग राहिले, त्यावर पहिला हल्ला झाला तो मायेच्या माणसांकडून. ती माणसे क्रूर नाहीत. सभ्य आहेत, सुशिक्षित आहेत, तिचे भले व्हावे म्हणून झटत आहेत. फक्त एक गोष्ट त्यांच्याने मानवत नाही: शत्रूच्या गोटात एक चांगला माणूस असू शकतो, आणि आपल्यातल्या एका शहाण्या बाईने तो पूर्ण शुद्धीवर राहून निवडला असू शकतो. ते मान्य केले तर युद्धाच्या दिवसांत आपण एकमेकांना जे सांगत आलो त्यातील बरेचसे परत तपासावे लागेल. त्यापेक्षा तिला आजारी ठरविणे सोपे.

या कादंबरीतील आणखी एका प्रसंगाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. आईच्या पोटाबाहेर गर्भ वाढविण्याची यंत्रे बीटा आणि एस्कोबार यांच्यापाशी आहेत. युद्ध संपल्यावर एस्कोबारकडून अरालच्या स्वाधीन अशी सतरा यंत्रे केली जातात. बरायारी सैनिकांनी ज्या स्त्रियांवर अत्याचार केले त्यांचे गर्भ त्यांत आहेत. तुमची ही मुले तुम्ही सांभाळा, असा त्याचा अर्थ. प्रेमकथेच्या पोटात लेखिकेने हे मुद्दाम ठेवले आहे. कॉर्डेलिया आणि अराल यांच्याकडे पाहून वाचकाने असे समजू नये की युद्धात स्त्री आणि शत्रू यांची गाठ पडली की तेथे प्रेमच उगवते. बहुतेक वेळा काय होते ते या सतरा यंत्रांनी सांगितले आहे. पानिपतावरून दास्यात नेलेल्या आपल्या बायका-मुलांचे काय झाले याची आठवण ज्यांना आहे, त्यांना हा प्रसंग परग्रहावरचा वाटणार नाही. विज्ञानाचे एक काल्पनिक यंत्र येथे नुसती गंमत म्हणून आलेले नाही. जी गोष्ट युद्ध करणारे नेहमी मागे सोडून निघून जातात ती त्यांच्या दारात आणून ठेवण्यासाठी ते आले आहे.

बुजोल्डबाईंनंतर ही वाट अनेकांनी चोखाळली. त्यांतील दोनच नावे घेतो. ब्रायन के. व्हॉन यांनी लिहिलेली आणि फिओना स्टेपल्स यांनी चितारलेली ‘सागा’ ही चित्रकथा २०१२ साली सुरू झाली. ती प्रौढांसाठी आहे, मुलांच्या हाती देण्याजोगी नव्हे. लँडफॉल हा ग्रह आणि रीथ हा त्याचा चंद्र यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या युद्ध आहे. गंमत अशी की एकाचा नाश केला तर दुसराही आपल्या कक्षेतून भरकटेल, म्हणून दोघांनी युद्ध स्वतःच्या अंगणातून उचलून तिऱ्हाइतांच्या ग्रहांवर नेऊन ठेवले आहे. लढाई दोघांची आणि घरे जळतात ती भलत्यांची! हा प्रकार आपल्या पृथ्वीवर कोणी पाहिला नाही असे नाही. या युद्धातील एक कैदी मार्को आणि त्याच्यावर पहारा करणारी अलाना यांचे प्रेम जमते आणि त्यांना हेझल ही मुलगी होते. पुढची सारी कथा ही मुलगी सांगते. दोन्ही बाजू या कुटुंबाच्या पाठीस लागतात, कारण ती दोन जाती एकत्र नांदूच शकत नाहीत या गृहीतावर सारे युद्ध उभे आहे, आणि हे तान्हे मूल त्या गृहीताला उघड उघड खोटे पाडते आहे.

दुसरे पुस्तक २०१९ सालचे. अमल एल-मोहतार आणि मॅक्स ग्लॅडस्टन या दोघांनी मिळून लिहिलेली ‘धिस इज हाउ यू लूज द टाइम वॉर’ ही लघुकादंबरी. येथे युद्ध काळाच्या प्रवाहातच चालले आहे. इतिहास आपल्या सोयीचा व्हावा म्हणून दोन सत्ता आपापले हस्तक भूतकाळात आणि भविष्यात धाडतात. रेड ही एका बाजूची, ब्लू ही दुसऱ्या बाजूची. दोघीही स्त्रिया, दोघीही आपल्या कामात अव्वल. एकीने दुसरीला डिवचण्यासाठी रणभूमीवर पत्र ठेवले आणि पत्रव्यवहार सुरू झाला. ग्लॅडस्टन यांनी रेड लिहिली, एल-मोहतार यांनी ब्लू. डिवचण्याची जागा आदराने घेतली, आदराची प्रेमाने. मग रेडला तिच्या वरिष्ठांचा हुकूम येतो: शत्रूची ती बाई तुझी पत्रे वाचते ना, तर पत्रातूनच तिला विष दे. पुन्हा तेच! घाव घालावयास सांगतात ते स्वतःचेच लोक, आणि हत्यार म्हणून मागतात ते दोघींतला विश्वास. पुढे रेड काय करते ते सांगून वाचकाचा रस मी घालवीत नाही.

या सर्व पुस्तकांतून एक गोष्ट मला सारखी जाणवत आली. यांपैकी एकाही कथेत प्रेमाने युद्ध थांबत नाही. आएलिताच्या मंगळावर बंड चिरडले जाते. बरायारचे युद्ध पराभवाने संपते, अरालच्या विवाहाने नव्हे. ‘सागा’तील युद्ध तर चालूच आहे. म्हणजे भाबडेपणाचा आरोप या कथांवर करता येणार नाही. दोन जीव एकत्र आले आणि दोन राष्ट्रांनी गळ्यात गळे घातले, असे आपले काही बोलपट सांगत असतील. या कथा सांगत नाहीत. मग त्या प्रेमाने होते काय? होते ते इतकेच की, दोन्ही बाजूंना एकेक माणूस असे उरते ज्याला शत्रूविषयी खोटे ऐकून घेणे यापुढे जमत नाही. तो स्वपक्ष सोडीलच असे नाही. पण शत्रू म्हणजे काय ते त्याने पाहिलेले असते. अशा माणसाची धास्ती शत्रूला नसते, स्वकीयांना असते.

हे मान्य केल्यावर माझी एक तक्रारही नोंदवितो. या धर्तीच्या कथा आता उदंड निघतात आणि त्यांतील बऱ्याच कथांत युद्ध हा रंगविलेला पडदा असतो. शत्रू म्हणजे देखणा, थोडा उग्र, थोडा दुःखी असा तरुण. त्याच्या सैन्याने कोणाची घरे जाळली हे विचारावयाचे नाही. कैद म्हणजे जवळ येण्याची सोय. असली पुस्तके ओळखण्याची खूण सोपी आहे. किल्ली कोणाच्या हाती आहे ते पाहावे, आणि किल्ली हाती असलेल्याने दार उघडल्यावर समोरचे माणूस परत येते की नाही ते पाहावे. कॉर्डेलिया दोनदा घरी गेली आणि मग स्वतःच्या पायांनी परत आली, म्हणून तिच्या प्रेमावर माझा विश्वास बसतो. जेथे दार उघडलेच जात नाही तेथे लेखकाने कितीही गोड लिहिले तरी ते प्रेम नव्हे.

आता आजी-आजोबांच्या त्या जुन्या वादाकडे वळतो. आजी म्हणे कचाने लग्न करावयास हवे होते, आजोबा म्हणत त्याने कर्तव्य केले. दोघांचेही लक्ष निरोपाच्या प्रसंगावर होते. पण कच घरी पोचल्यावर काय झाले हेही महाभारतात आहे, आणि ते आपण सहसा सांगत नाही. देवांनी त्याचे मोठे कौतुक केले, त्याच्याकडून विद्या घेतली, आणि लगेच इंद्राला म्हणाले की, आता चढाईची वेळ आली. हजार वर्षे तो त्या घरी राहून आला होता. तेथले अन्न त्याने खाल्ले होते, तेथल्या गाई राखल्या होत्या, तेथल्या एका मुलीने त्याला तीनदा मरणाच्या दारातून ओढून आणले होते. ते लोक कसे आहेत, ती मुलगी कशी आहे, हे स्वर्गात कोणी त्याला विचारल्याचे लिहिलेले नाही. त्यानेही आपण होऊन काही सांगितल्याचे लिहिलेले नाही.

कॉर्डेलियाला तिच्या लोकांनी विचारले होते. तिने खरे ते सांगितले, आणि ते तिच्यासाठी औषध शोधू लागले. कचाने तोंड उघडले असते तर देवांनी काय केले असते, हे मला आजीला विचारावयास हवे होते. तिच्यापाशी उत्तर असते.